सरलष्करांच्या अंगठ्यास नखुरडें जाहलें त्याची हकीकत

श्रीगणाधीशास व कुलदेवतेस दंडवत घालोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशें वीस, बहुधान्य नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं शेजारचे राजे तीन हजार स्वार घेऊन आमचे राज्यावर चालोन आले आणि नदीपलीकडे डेरे दिधले. तेव्हां महाराजांनीं सरलष्कर रंभाजीराव वाघचवरे यांस पाचारोन नदीचा उतार राखावयास सांगितलें. रंभाजीराव मोठे शूर, अंगावर सतरा वार. परंतु लढाई उभी राहिली म्हणजे रावांस भय वाटे, आणि तें कोणास कळों नये म्हणोन राव डेऱ्यांत एकटेच बसोन नखें कुरतडीत आणि नखाकडेचीं सालपटें दांतांनीं सोलीत. त्यायोगें उजवे अंगठ्यास नखुरडें जाहलें. अंगठा वांग्याऐसा फुगला, नखाचे कडेस पू धरिला, ठणका मस्तकीं गेला आणि तलवारीची मूठ धरवेना. मग कारभारी म्हणाले, "लिंबू खोवावें." रावांनीं अंगठ्यास लिंबू खोविलें आणि तैसेच मुजऱ्यास गेले, तों दरबारी मंडळी शेल्यांत तोंडें घालोन हांसली. दुसरे दिवशीं ठणका दुणावला. मग राव खंजीर काढोन आपणच चिरूं लागले, इतक्यांत जखमा बांधणारी वैदीण लखाई पातली आणि मनगट धरोन बोलिली, "राव, मळका खंजीर घालाल तर बोटभर दुखणें हातभर होईल. ठेवा तो."

मग लखाईनें दिवसांतोन चार वेळां कोमट मिठाचे पाण्यांत अंगठा बुडविला, आणि सकाळीं कातडें मऊ जाहलें तेव्हां आपली सुरी उकळोन घेतली आणि पुसिलें, "हीं नखें कोणीं खाल्लीं?" राव नजर चुकवोन म्हणाले, "मींच. भय वाटतें, बाई. कोणास बोलों नका." लखाई म्हणाली, "भय कोणास चुकलें? चावणेंच जाहलें तर चणे चावावे." ऐसें बोलोन सुरी लाविली, आणि पू निघाला, आणि रावांनीं ऐसी आरोळी दिधली कीं घोड्यांनीं दावीं तोडिलीं. पलीकडे शत्रूचे छावणींत बोलवा उठली, "सरलष्कर स्वतःचे माणसास ही शिक्षा देतो, तर आपली गत काय?" आणि दोन प्रहरीं त्यांचा वकील तह घेऊन आला.

मग महाराजांनीं भरदरबारीं रावांस सोन्याचें कडें घातलें आणि पुसिलें, "रंभाजी, ज्याचे आरोळीनें शत्रू भ्याला, तें शासन कोणास केलें?" राव उगे राहते तर कीर्ति होती. परंतु राव बोलिले, "महाराज, ओरडलों तो मींच. भयानें नखें खाल्लीं, त्यानें अंगठा पिकला." मग महाराजांनीं शेल्यांतोन आपला हात हळूच बाहेर काढिला. पांचही नखें मुळाशीं कुरतडलेलीं, आणि मधलें बोट टरारलेलें. महाराज म्हणाले, "लखाईस बोलवा. आणि नगारे जोरानें वाजवा."

तात्पर्य, रावांचा अंगठा आठां दिवसांत बरा जाहला, तह बारा वर्षें टिकला, आणि राज्यांत ताकीद फिरली कीं नखें सरळ कापावीं, दांतांनीं तोडूं नयेत, सालपट ओढूं नये, हात धुवोन कोरडे करावे, पू धरिल्यास आपण न चिरितां वैद्यास दाखवावें. ताकीदपत्रावर महाराजांची सही नाहीं. हात बांधिला होता.