शेठाणीबाईंचा पहिला नंबर

निरगुडसरच्या समाजमंदिरात नीलमनं दहा खुर्च्या मांडल्या खऱ्या, पण त्यांवर बसणार कोण, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. गेले दोन महिने मनाच्या आजारांचं शिबिर भरत होतं. पुण्याहून डॉक्टर यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. पेशंट एक नाही. मागच्या खेपेला गाडीत बसताना ते म्हणाले होते, "सिस्टर, पुढच्या वेळी दहा माणसं तरी दिसू द्या. नाहीतर ही गाडी दुसऱ्या गावाला जाईल."

दहा माणसं गावात होती. नीलम त्यांना नावानिशी ओळखत होती. पण दिवसाढवळ्या मनाच्या नर्ससमोर बसायचं म्हणजे गावभर बोभाटा. खुद्द तिच्या सासूबाई, प्यारीबाई, किराणा दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमची सून डोळ्यांच्या दवाखान्यात असते." नीलमच्या कानावर ते यायचं. मन खट्टू व्हायचं, पण सकाळची सामायिक, म्हणजे जैनांची ध्यानाची बैठक, झाली की ती तेवढं मनातून झाडून टाकायची.

मदतीला सावळेराम नावाचा शिपाई होता. आहुप्याकडचा, आठच दिवसांपूर्वी आलेला. गावात कुणाला ओळखत नव्हता. नीलमनं त्याला बजावलं, "हे बघा भाऊ, कुणी आलं तर कशाला आलात म्हणून विचारायचं नाही. हाताला धरून खुर्चीवर बसवायचं. आणि जो बोलत नसेल त्याला पहिला नंबर. गप्प माणसाची काळजी जास्त."

"समजलं ताई. बोलंना त्यो एक नंबर."

एवढं सांगून नीलम वस्तीवर घरोघर माणसं बोलवायला निघाली. घराची किल्ली शेजारी ठेवायची, ती मात्र तशीच एप्रनच्या खिशात राहिली.

आणि नेमकी त्या दिवशी मौन एकादशी होती. प्यारीबाईंचा कडक उपवास. उकळून गार केलेलं पाणी तेवढं चाले, तेही सूर्य मावळायच्या आत. बोलायचं थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. लिहूनसुद्धा दाखवायचं नाही, हा नियम त्यांनी आपल्या पदरचा वाढवलेला. देवदर्शन करून त्या घरी आल्या, तर दाराला कुलूप. पाण्याची कळशी आत. सासरे चांदमल शेठ माल आणायला मंचरला गेलेले. प्यारीबाईंनी कोरड्या ओठांवरून पदर फिरवला आणि समाजमंदिराची वाट धरली.

"या आई," सावळेरामनं हाताला धरलं. "बसा."

प्यारीबाईंनी मान हलवली आणि किल्ल्यांचा जुडगा लटकतो तिथं, कमरेकडं बोट दाखवलं.

"कंबर दुखती? लिवतो. नाव काय?"

प्यारीबाई गप्प. सावळेरामचे डोळे चमकले. त्यानं त्यांना अलगद पहिल्या खुर्चीत बसवलं. त्या उठल्या. त्यानं पुन्हा बसवलं. "घाबरू नका आई. आमी हाये ना."

एवढ्यात दळण घेऊन निघालेली प्रयागबाई खिडकीशी थबकली. "अगं बया! शेठाणीबाई, तुमी? काल तर माझ्याशी घटकाभर बोलत व्हत्या!"

"आज वाचा बंद हाये त्यांची," सावळेरामनं केसपेपर पुढं ओढला. "वळखता ना? मग नाव सांगा. आई, जेवण?"

प्यारीबाईंनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"अन्न बी सोडलं," प्रयागबाई हळहळली.

"झोप लागती का?"

या प्रश्नाला मात्र प्यारीबाईंची मान हललीच नाही. त्या नुसत्या भिंतीकडं बघत राहिल्या.

"मला बी न्हाई लागत," प्रयागबाई एकाएकी म्हणाली. "दोन वर्सं झाली."

"मग बसा की मावशी. दोन नंबर."

प्रयागबाईनं दळणाचा डबा खाली ठेवला. "बसते. शेठाणीबाई बसल्यात म्हणल्यावर मला मेलीला कसली आलीय लाज?"

खिडकीतून निघालेली बातमी गिरणीवर गेली, तिथून पाणवठ्यावर. नीलम हात हलवत परत आली, तर रांग लिंबाच्या झाडापर्यंत! वर्षभर घराचा उंबरा न ओलांडलेले कुंडलिकभाऊसुद्धा दाराशी चपला काढून बसलेले. आनंदानं तिनं आत पाऊल टाकलं आणि पहिली खुर्ची बघून ती ओरडलीच.

"आई!"

प्यारीबाईंनी तिच्या खिशाकडं बोट केलं. नीलमनं हात घातला आणि किल्ली हाताला लागताच सगळा घोटाळा तिच्या ध्यानात आला. सासूबाईंची अब्रू आपल्या खिशापायी गेली! ती घाईनं लोकांकडं वळली. "अहो, आमच्या आईंना काही झालेलं नाही. आज त्यांचं..."

"म्हंजी शेठाणी पेशंट न्हाईत?" कुंडलिकभाऊ अर्धवट उठले. त्यांचा पाय चपलेकडं सरकला. मागची दोघं-चौघंही चुळबुळली.

प्यारीबाईंनी चपलेत शिरणारा तो पाय पाहिला. प्रयागबाईचे सुजलेले डोळे पाहिले. मग सुनेकडं रोखून बघत त्यांनी आपल्या ओठांवर बोट ठेवलं. गप्प! उठून तिच्या हातातली किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि पहिल्या खुर्चीत पुन्हा ऐसपैस बसल्या.

कुंडलिकभाऊंनी पाय मागं घेतला.

डॉक्टर आले आणि दारातच थबकले. "सिस्टर, हे गाव तेच ना?" नीलमनं त्यांच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं पहिल्या पेशंटचं बीपी तपासलं, "पुढच्या महिन्यात दाखवा" म्हणाले आणि दुसरा नंबर पुकारला. त्या दिवशी तेवीस केसपेपर झाले. प्यारीबाई घरी गेल्या आणि ऊन कलायच्या आत तांब्याभर पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलमनं पारण्याला मुगाचं पाणी पुढं ठेवलं. चांदमल शेठ कालपासून धुमसत होते. "मंचरच्या बाजारात तिघांनी विचारलं मला, शेठाणीला कधीपासून आहे म्हणून! आता दुकानात कुठल्या तोंडानं बसू?"

प्यारीबाईंनी नवकार मंत्र म्हणून वाटी तोंडाला लावली, सावकाश संपवली. दारात प्रयागबाई साखर न्यायला आली होती.

"शेठाणीबाई, बोलाया लागल्या! एका दिसात गुण! सूनबाईंचं डोळ्याचं औषध मनाला बी चालतं का हो?"

"डोळ्यांची नाही गं, ती मनाचीच नर्स आहे," प्यारीबाई शांतपणे म्हणाल्या. "लई शिकलीय. मीच उलटं सांगत होते."

नीलम पुढं सरकली. "आई, तो तुमचा केसपेपर आजच फाडून टाकते."

"फाडू नको. त्यातलं एक उत्तर राहिलंय. झोप लागते का, विचारलं होतं ना त्यानं? लिही, नाही लागत."

"कधीपासून, आई?" नीलम घाबरून खालीच बसली.

"लग्न झाल्यापासून." प्यारीबाईंनी चांदमल शेठकडं नजर टाकली. "हे घोरतात. पुढच्या महिन्यात यांचाही पेपर काढ. पण नंबर माझ्यामागं."