कपाटातले आजोबा

"सगळं चोख आहे! मला तर फक्त एक ओळ म्हणायचीय!" शुक्रवारी दुपारी सेनापती छाती फुगवून म्हणाले.

घरात त्यांना सगळे सेनापती म्हणत, अर्थात पाठीमागे. लेकाच्या बार मित्झ्वाची तयारी त्यांनी लढाईसारखीच केली होती. उद्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, तेरा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोरा या धर्मग्रंथातला भाग गाऊन वाचणार. मग बापानं म्हणायचं, देवा, याच्या जबाबदारीतून मला मोकळं केलंस, तुझे आभार! खुर्च्या आल्या, केक आला, पाहुणे आले. पण पोरगं गाईना! महिनाभर त्याच्या तोंडून सूर निघाला नव्हता.

"ओठ हलतात, आवाज येत नाही," त्याला शिकवणारे गुरुजी म्हणाले होते. उद्या पोरगं असंच मुकं उभं राहिलं तर?

म्हणून सेनापतींनी आजोबांची जुनी टेप काढली होती. आजोबांनी जन्मभर सिनेगॉगमध्ये तोरा वाचली, चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा आवाज ऐकून तरी पोराला हुरूप येईल! टेपरेकॉर्डर घरातल्या बोळात, कोटांच्या कपाटात ठेवला होता.

सूर्य मावळला, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागला. आता बटणाला हात लावायचा नाही. टेबलावर दोन मेणबत्त्या, बाकी बोळभर काळोख. पोट दुखतंय म्हणून पोरगं जेवायलाच आलं नाही.

आणि बोळातून आजोबा गाऊ लागले.

हळू, खर्जात, भिंतीच्या आतून यावं तसं. एका पाहुण्याच्या हातातला चमचा ताटात पडला. मेणबत्त्या फडफडल्या. आजीचे डोळे भरून आले.

"घसा बसलाय हो तुमचा!" ती बोळाकडे बघून म्हणाली. "तिथे थंडी असते का?"

"आई, टेप आहे ती!" सेनापती हसले. "चालू राहिली वाटतं. आज बंद करता येणार नाही. ऐका निवांत!"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात आत्यानं घास खाली ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, टेपरेकॉर्डर तर मी दुपारीच दुरुस्तीला दिला. तुला सांगायचंच राहिलं."

कुणी हलेना. गाणं मध्येच अडखळलं. "छे!" कपाट वैतागून म्हणालं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

आजोबा तर कधीच चुकत नसत! "तू जा", "नाही, तू जा" करत सगळ्यांनी शेवटी सेनापतींनाच पुढे ढकललं. बोळात गार वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून कपाटाचं दार ओढलं.

कोटांच्या मधून आजोबांची प्रार्थनेची झालरीची शाल पुढे आली! आत्या किंचाळली. पाहुणे टेबलाखाली!

"ओरडू नका ना!" शालीतून आजोबांच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. शाल सरकली. आत घामाघूम झालेलं पोरगं!

"बाबा, माझा आवाज कसा झालाय बघा! मध्येच फाटतो. सगळे हसतील. म्हणून मी रोज इथे म्हणतो, कोटांमुळे बाहेर ऐकू जात नाही."

आजीनं त्याला पोटाशी धरलं. "हसेल कोण रे? तुझ्या आजोबांचाच घसा आहे हा!"

दुसऱ्या दिवशी पोरगं गायलं. दोनदा आवाज फाटला, पण कुणीच हसलं नाही. म्हातारे मात्र आधी एकमेकांकडे आणि मग आजोबांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

मग सेनापती उभे राहिले. एकच ओळ! त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज येईना! डोळे वाहायला लागले आणि ओळ साफ विसरली.

तोच कानामागून वडिलांच्या आवाजात कुणीतरी दटावलं, "म्हण, 'मोकळं केलंस'!"

"हो, बाबा!" सेनापती दचकून ओरडले. मागे त्यांचाच लेक उभा होता!

तेव्हापासून पोरानं मागून नुसतं खाकरलं, तरी सेनापती टेबलावरचे पाय मुकाट्यानं खाली घेतात.