गोदाक्काची ढोली आणि तुरेकरांची कादंबरी

एका जंगलात एक पिंपळ होता, आणि बाळांनो, त्या पिंपळाचं चक्क शहर झालं होतं. हसू नका, शहरं अशीच होतात. एक जण बिऱ्हाड करतो, मग दुसरा येतो, आणि तिसरा आला की पहिला म्हणतो, "फारच गर्दी झाली बुवा!"

शेंड्याकडे भल्यामोठ्या चोचीचे धनेशराव राहायचे. ते पिंपळाचे अध्यक्ष. त्यांच्या चार ढोल्या होत्या. एकीत राहायचे, तीन नुसत्याच बंद.

अगदी बुंध्याशी गोदाक्का खार राहायची, तीन पिल्लं घेऊन. वरच्यांनी खाली टाकलेलं सगळं तिच्याच दारात पडायचं. तेही चाललं असतं. पण रोज संध्याकाळी एक धामण ढोलीत डोकावून जायची. गोदाक्काने वरच्या बंद ढोलीसाठी तीनदा अर्ज केला. धनेशरावांनी तिन्ही अर्जांवर एकच शेरा मारला, 'विचाराधीन'.

अशात शेजारच्या झुडपातून बुलबुल तुरेकर आले. मोठे कादंबरीकार! आजवर फुलांवर लिहायचे, आता म्हणे शहरावर लिहायचं होतं.

"गोदाक्का, धामण डोकावते तेव्हा मनात नेमकं काय येतं हो?"

"काय येणार? मेले आता, असं येतं."

"मेले आता! वा! पुन्हा म्हणा बरं."

गोदाक्काने बिचारीने पुन्हा म्हटलं. मग हळूच म्हणाली, "तुरेकरभाऊ, तुमची वर ओळख आहे. माझ्या ढोलीचं तेवढं बघा ना."

"छे, छे! अहो, जागाच पात्राला घडवते. तुम्ही वर गेलात की माझा संघर्ष संपला!"

कादंबरी आली. तिच्यातली खार पिल्लांना तोंडात धरून वर चढते आणि बंद ढोलीत घुसते. अख्खा पिंपळ रडला. धनेशराव तर हुंदके देऊन रडले. "काय धाडस हो त्या खारीचं!" म्हणाले, आणि तिथल्या तिथे पुरस्कार जाहीर केला.

गोदाक्का पडली भाबडी. तिला वाटलं, अध्यक्ष एवढे रडले म्हणजे अर्ज मंजूरच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने एकेक पिल्लू तोंडात धरून वर नेलं आणि बंद ढोलीत संसार मांडला.

"घुसखोरी!" धनेशराव किंचाळले. लगेच सभा बसली.

"पण काल तुम्हीच रडलात ना?" गोदाक्काने विचारलं.

"ती खार वेगळी!"

गोदाक्काने आशेने तुरेकरांकडे पाहिलं. तुरेकरांनी तुरा नीट केला. "बाई, ते प्रतीक होतं. प्रतीकाला पिल्लं नसतात."

खरं सांगू? मला अजून त्या तुरेकरांचा राग येतो. असो.

गोदाक्काला पिल्लांसकट खाली धाडलं. ढोली रिकामी झालीच होती, ती पुरस्कार म्हणून तुरेकरांना मिळाली. तिथे बसून त्यांनी दुसरा भाग लिहायचा होता.

संध्याकाळ झाली. पिल्लांना पाठीशी घालून गोदाक्का दारात बसली. धामण मुळांतून सरपटत येताना दिसली. गोदाक्काने वर पाहून हाक मारली, "तुरेकरभाऊ, आली हो ती!"

तुरेकर ढोलीतून वाकले. "काय प्रसंग आहे!" म्हणाले, आणि लिहायला चोच मोकळी हवी म्हणून तोंडातली फळाची बी त्यांनी खाली टाकली. ती नेमकी गोदाक्काच्या डोक्यावर पडली.

तात्पर्य : बाळांनो, खालच्या मजल्यावरचं दुःख फार मोलाचं असतं. ते नीट लिहून काढलं तर वरचा मजला मिळतो. ज्याचं ते आहे, त्याने मात्र ते जागच्या जागी सांभाळून ठेवावं. लेखकाला पुन्हा लागू शकतं.