खारगलचा अपुरा पूल

आम्हा तुर्मी लोकांचे मत असे की, जे काम पुरे झाले ते मेले. म्हणून आमच्या मडक्यांना एकच कान असतो, आमची गाणी शेवटच्या ओळीआधी थांबतात आणि खारगल नदीवरच्या पुलाला मधल्या तीन फळ्या नाहीत. या तत्त्वज्ञानाची अंमलबजावणी अपूर्णता खाते करते. मी तिथे अर्धा कारकून आहे. पूर्ण कारकून होणे आमच्या धर्मात बसत नाही.

परवा शेवाळाची कढी विकणारी येल्मिराआजी खात्यात आली. पलीकडच्या काठावर तिच्या लेकीचे दिवस भरले होते.

"तेवढ्या तीन फळ्या बसव बाबा. मला लेकीकडे जायचंय."

"आजी, पूल पुरा झाला तर मरेल."

"आणि मी पडून मेले तर?"

"तर तुमचा प्रवास अपुरा राहील. त्याला खात्याची हरकत नाही."

"मेल्या, तुझ्या आईनं तुला पुरे नऊ महिने ठेवलं, तिथंच चुकली ती."

मी हा शेरा नोंदवून घेतला. तिच्या अर्जातले सगळे रकाने भरलेले असल्याने तो फेटाळला. तिने तो टराटरा फाडून अर्धा माझ्या तोंडावर फेकला, तेव्हा लगेच मंजूर झाला. मंजुरीही अर्थातच अर्धी: फळ्या मिळतील, पण तुर्मी माणसाने त्या बसवायच्या नाहीत.

"वीरांना सांगून बघा," मी म्हणालो. आकाशापलीकडून आमच्या जगात खेळायला येणाऱ्यांना आमचा धर्म लागू नाही.

पहिला वीर आला. तलवार दोन माणसांएवढी. त्याने आजीचे सगळे ऐकले, "हो" म्हणाला, तीन फळ्या पिशवीत टाकल्या आणि एका सशामागे पळाला. दुसऱ्याला वाटेत खजिना दिसला. खात्यातल्या फळ्या संपल्यावर, हा नाही तर पुढचा तरी बसवेल या आशेने आजी पुलाच्याच उपटून देऊ लागली. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट वीर हो म्हणून गेले आणि पुलाचे नुसते दोर उरले. तेवढ्यात पलीकडून बाळाचे रडणे ऐकू आले. मला आजीचे फार वाईट वाटले.

"हा धर्म काढला तरी कुठल्या शहाण्यानं?" तिने विचारले.

"कुणीच नाही. आपले पूर्वज इथे उभे राहून वीरांना बघत होते. आकाशातून येणारे असे वागतात, म्हणजे हाच थोर धर्म असणार, असं त्यांना वाटलं."

आजी अजून काठावर आहे. समोरून लेक नातीला उंच धरून दाखवते. आमच्यात नाव आजीनेच कानात सांगायचे असते, म्हणून पोर बिननावाची आहे. तेव्हा वीरहो, इकडेतिकडे बघू नका, तुमच्याशीच बोलतोय. पिशवी उघडा. फळ्या तिथेच आहेत आणि तुम्ही हो म्हणाला होतात.