चौकशीला आलेला माणूस

पंचाक्षरी आईपासून काही लपवत नसे. फक्त कर्जाचं तेवढं त्यानं लपवलं, आणि नेमकी तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

सूतगिरणीच्या ऑफिसात टाइमकीपर म्हणून लागून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. भवानी पेठेतल्या दोन खोल्या दिवाळीच्या आत रिकाम्या करा, मला तिथं माग टाकायचेत, असं घरमालक तिप्पण्णांनी लेखी कळवलं होतं. होटगी रोडला एका सोसायटीच्या सोडतीत दोन खोल्यांचं घर पंचाक्षरीच्या नावावर निघालं होतं. पण महिनाअखेर कर्जाचं मंजुरीपत्र दाखवलं नाही तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं. कर्ज देणाऱ्या संस्थेचं म्हणणं एवढंच, की नोकरी नवी असली तर असू दे, पण अर्जदाराचं दुसरं घर नको आणि अर्जात एक शब्द खोटा नको. पंचाक्षरीनं सगळं खरं लिहिलं. आईला, चंद्रव्वाला मात्र सांगितलं नाही. कर्ज हा शब्द कानावर पडला तर ती माउली दोन दिवस जेवली नसती. मंजुरी हातात पडली की सांगू, असं त्यानं ठरवलं.

चंद्रव्वाला काळजी होती ती वेगळीच. पोरगा सव्वीस वर्षांचा झाला, नोकरी लागली, तरी एक स्थळ उंबरा चढेना.

बुधवारी दुपारी शेजारची म्हाळसाबाई धापा टाकत आली. "अव्वा, बोळाच्या तोंडाला एक माणूस उभारलाय. तुझ्या पंचाक्षरीची चौकशी करालाय. नोकरी कुटं, कायम हाय का, व्यसन-बिसन काय हाय का."

"दिसाला कसा हाय?"

"पन्नाशीचा असंल. कपाळाला विभूती, डोस्क्याला टोपी, काखेत कातडी बॅग."

आता तुम्हीच सांगा, अशी चौकशी कोण करतं? मुलीचा बाप. तो आधी बोळात विचारतो, मग पानपट्टीवर, आणि घरात सगळ्यात शेवटी येतो. चंद्रव्वानं पटकन ठेवणीतलं पातळ नेसलं, सतरंजी झटकून अंथरली आणि चहाचं आधण ठेवलं.

आलेले गृहस्थ होते शिवशरण बिराजदार, संस्थेचे तपासनीस. कर्जाची गोष्ट अर्जदाराखेरीज कुणापुढं काढायची नाही, हा त्यांचा नियम. "पंचाक्षरींबद्दल थोडी माहिती हवी होती," एवढंच ते म्हणाले.

"इचारा की. आदी च्या तर घ्या."

"नको बाई. या कामाला निघालो की कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही मी."

चंद्रव्वाच्या मनात उरलासुरला संशय होता तोही फिटला. मोठा रीतीभातीचा माणूस, सोयरीक जुळायच्या आधी पाण्यालाही शिवत नाही, म्हणून तिला फार बरं वाटलं.

"नोकरी किती दिवसांची?"

"दिवसाची? मिसरूड फुटलं तवापास्नं नोकरीतच हाय. आट वर्सं झाली."

बिराजदारांनी बॅगेतून वही काढली. "शेती आहे?"

"चौदा एकर. सगळी बागायत."

"आणि हे घर भाड्याचं ना?"

चंद्रव्वा हसली. "भाड्याचं कशाला असंल? हे पुडचं-मागचं समदं आपलंच हाय की."

तेवढ्यात तिप्पण्णा उघड्या अंगानं बादली घेऊन आडाकडे निघाले. दोन्ही हातांनी बादली ओढत ते समोरूनच गेले.

"हे कोण?"

"भाडेकरू," चंद्रव्वा आवाज खाली आणून म्हणाली. "खाली कर म्हटलं तर करत न्हाय बगा. पण म्हातारा माणूस, हाकलायचा कसा? आमचा सोभाव लई मऊ."

बिराजदारांनी तेही लिहून घेतलं. "घरात कुणाला उसन्या पैशांची गरज वगैरे?"

"कर्ज?" चंद्रव्वानं कपाळाला हात लावला. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला गरज पडली न्हाय. दारात आणून दिलं तरी घेणार न्हाय आमी."

शनिवारी पत्र आलं. अर्जदारास स्वतःचे घर असून त्यात भाडेकरू आहे. शेती चौदा एकर बागायत. नोकरी आठ वर्षांची. अर्जातील मजकूर खोटा. कर्जाची गरज नाही. दिल्यास घेणार नाहीत. अर्ज नामंजूर.

पंचाक्षरीनं ते दोनदा वाचलं आणि उंबऱ्यावरच बसला. "अव्वा, बुधवारी कोण आलं हुतं?"

"तुझा सासरा," चंद्रव्वा लाडानं म्हणाली.

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. संस्था, अर्ज, होटगी रोडचं घर, महिनाअखेरची मुदत. चंद्रव्वानं कर्ज शब्द चार वेळा ऐकला, पण जेवण सोडलं नाही. ती नुसती चुलीपुढं बसून राहिली. आपल्या पोराचं घर आपल्याच तोंडानं घालवलं, या विचारानं तिला रडू येत होतं. शेवटी पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "सोमवारी मला त्या साहेबाकडं ने."

सोमवारी ती बिराजदारांच्या टेबलापुढं उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, लिवून घ्या. घर भाड्याचं. तुमी बगितलेला म्हातारा मालक हाय, भाडेकरू आमी. शेत दीड एकर, त्यात नुसती कुसळं. नोकरी तीन म्हैन्याची. त्याच्या आदी दोन वर्सं पोरगा घरातच बसून हुता."

पंचाक्षरीनं मान खाली घातली आणि तिप्पण्णांची खोल्या सोडायची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हे तरी खरं कशावरून?" बिराजदारांनी विचारलं.

"एवढी बेअब्रू कुणी खोटी सांगतंय व्हय?"

बिराजदारांनी चिठ्ठी वाचली, अर्ज काढून ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळत होतं. त्यांनी जुन्या शेऱ्यावर काट मारली. "मग बाई, त्या दिवशी तसं का सांगितलंत?"

"तुमी पोरीचे बाप वाटला. पोरीच्या बापाला कोण खरं सांगतंय?"

बिराजदारांचा पेन थांबला. "कुणीच नाही?"

"मी तर न्हाय ऐकलं."

"पण बोळातल्या लोकांना विचारलं तर?"

"त्यास्नी आदीच सांगून ठेवलेलं असतंय."

"विजापूरकडंसुद्धा असंच चालतं?"

"माजं म्हायेर तिकडचंच की. तितं तर लईच."

बिराजदारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः विजापूरला जाऊन, बोळात विचारून, पानपट्टीवर विचारून थोरल्या मुलीचं पक्कं केलं होतं. स्वतःचं घर, वीस एकर बागायत, मुलगा सात वर्षं नोकरीत.

त्यांनी पंचाक्षरीच्या कागदावर 'मंजूर' लिहून सही केली, आणि तोच पेन घेऊन उद्याच्या रजेचा अर्ज लिहायला लागले.