चार नंबरचा हिरवा पुडा

"शुक्रवारी दुपारी तीनला चार नंबर बंद पडणार. सत्त्याण्णव टक्के!" इंजिनिअर पेंगने कॉम्प्युटरवरचं भाकीत वाचून दाखवलं, आणि त्सेंग मावशींच्या हातातला स्क्रू खाली पडला.

तैवानमधल्या काओशुंग शहरातल्या त्या स्क्रूच्या कारखान्यात चार नंबरचं यंत्र मावशी एकतीस वर्षं चालवत होत्या. मालक लिआओंनी लगेच भंगारवाल्याला शुक्रवारचा वार दिला. यंत्र गेलं की मावशीही घरी, हे कुणी बोललं नाही. पण सगळ्यांना कळलं.

"याला कसं कळलं रे?" मावशींनी विचारलं.

"यंत्रांना कान बसवलेत, मावशी. हजारो यंत्रं बिघडण्याआधी कशी कुरकुरली ते यानं ऐकून पाठ केलंय. तशीच कुरकुर आली की हा सांगतो."

"माझ्या सासूबाईंनाही कळायचं. फक्त त्या टक्के सांगत नसत."

मावशी यंत्रापाशी गेल्या आणि थबकल्या. तिथे प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर खाऊचा पुडा असतो. खाऊचं नावच मुळी 'शहाणं बाळ'; तो ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं. मात्र पुडा हिरवाच हवा, मुदतीतला हवा आणि कुणी खायचा नाही. हा तर पिवळा होता!

"हिरवा कुठाय?"

पेंग लालबुंद झाला. "कान बसवताना भूक लागली... दुकानात हिरवा संपला होता, म्हणून..."

"यंत्राच्या तोंडचा घास खाल्लास? वर पिवळा ठेवलास? अरे, पिवळा दिवा दिसला की धावती गाडीसुद्धा थांबते!"

मावशींनी पिवळा पुडा त्याच्या हातात कोंबला. इतका वेळ तो पुडा नेमका यंत्राच्या त्या कानाला टेकून कुरकुरत होता. नवा हिरवा पुडा त्यांनी नेहमीच्या जागी, कानापासून हातभर लांब ठेवला. सत्त्याण्णव टक्के भराभर उतरून दोनावर आले.

"बघितलंस?" मावशी म्हणाल्या. पेंगने खरं कारण सांगायला तोंड उघडलं. पण मालक पुड्यापुढे हात जोडून उभे होते.

"तरी शुक्रवार जाऊ दे," मालक म्हणाले.

शुक्रवारी तीनला भंगारवाला दारात हजर. चार नंबर टणाटण स्क्रू ओतत होतं. तीन वाजून एक मिनिटानं कॉम्प्युटर बंद पडला. त्याच्या डोक्यावर, पेंगनं विसरून ठेवलेला, पिवळा पुडा होता.

"मावशी, सोमवारी वेळेवर या," मालक पुटपुटले.

"मग मी काय उचलू?" भंगारवाल्यानं विचारलं.

सगळ्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. पेंगनं त्याला घट्ट मिठी मारली.

मावशींनी खणातून एक हिरवा पुडा काढून पेंगपुढे धरला. "घे. तारीख बघून ठेव. आणि या खेपेला खायचा नाही हं."