एकतीस नाकांचा अमोनिया

रसायनशास्त्र प्रयोगावर उभे आहे; म्हणूनच प्रयोगाचे उत्तर प्रयोगाआधी कळणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. १९८८ साली जळगावच्या एका कॉलेजात ही सोय प्रयोगशाळेचे शिपाई उखर्डूभाऊ पाहत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पांढरी पूड वाटता वाटता ते प्रत्येकाच्या कानात क्षाराचे नाव सांगत. (निव्वळ परोपकार.)

रेशमा रावेरकडच्या डोंगरपायथ्याची. घरातून विज्ञान शाखेला आलेली पहिलीच, त्यामुळे प्रयोग खरोखर करायचा असतो असा तिचा गैरसमज होता.

"अमोनियम शे, माय. लिखी टाक," उखर्डूभाऊ अहिराणीत पुटपुटले.

रेशमाने पूड कॉस्टिक सोड्याबरोबर तापवली. अमोनियाचा वास नाही. ओला तांबडा लिटमसही निळा न होता तांबडाच. मग तारेवर घेऊन ज्योतीत धरली, तर ज्योत पोपटी! म्हणजे बेरियम. तिने मान वर केली. वर्गातले उरलेले एकतीस जण 'नाकाला झोंबणारा वास' असे सुवाच्य अक्षरात लिहीत होते. दोघांनी तर नाकाला रुमाल लावला होता.

"नापास झालीस तर सरळ घरी," असे वडिलांनी एस.टी.त बसवतानाच बजावले होते. तरी तिने लिहिले: बेरियम.

धुळ्याहून आलेले परीक्षक चुडामण सर तिची उत्तरपत्रिका पाहून थबकले. त्यांच्या यादीत अमोनियम होते. त्यांनी स्वतः पूड तापवली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"उखर्डूभाऊ, बाटलीत काय आहे?"

"साहेब, बाटलीवर अमोनियम लिखेल शे. आत काय शे, ते बाटलीले माहीत!"

सर विचारात पडले. सत्य एकटीकडे होते, आणि एवढ्या मोठ्या बहुमताला नापास करण्याची तरतूद कुठल्याच नियमात नव्हती. एकतीस जणांना पैकीच्या पैकी मिळाले. रेशमाचा एक गुण कापला गेला. (शेरा : निष्कर्ष इतरांशी जुळत नाही.)

"पण सर, ज्योत पोपटी होती ना?"

"होती, बाई. म्हणून तर एकच कापला."

रेशमा आधी रडकुंडीला आली, मग व्हरांड्यात जाऊन पोट धरून हसली. पास तर झाली होती!

बाकीचेही एकतीस मार्गाला लागले. त्यांतले चौघे आज औषधांच्या कारखान्यांत तपासनीस आहेत. सकाळी तुम्ही घेतलेल्या गोळीच्या बाटलीवर काय लिहिले आहे, ते तुम्ही वाचलेच असेल. त्यांनीही तेवढेच वाचले होते.